बिनवचनाची

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या नोटांचे ताव तपासले.
प्रत्येक नोटेवर तेच वाक्य:
कुणीतरी धारकाला वचन देतोय, खाली सही.
सही माझी नव्हती, वचनही नव्हतं.
माझं काम एवढंच,
नंबर सरकलाय का, शाई फुटलीय का,
आणि सुटताना फाटकाशी झडती द्यायची.

आता पक्षाच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलंय
‘मोकळी’.

महापौरपदाचा उमेदवार ठरवायला एकशेबारा प्रतिनिधी
वॉर्डावॉर्डातून आलेत, बांधून आलेत.
देवळालीगाव म्हणालं बस्तेबाई, तर बस्तेबाईच.
सिडको म्हणालं गायधनी, तर गायधनीच.
आणि आम्ही नऊ जण
ज्येष्ठ म्हणून, अनुभवी म्हणून,
खरं तर कुठे बसवावं ते न सुचल्यामुळे
घटनेच्या एका पोटकलमात बसवलेले.

बस्ते अठ्ठावन्न, गायधनी चोपन्न.
आकडा फुटला
आणि माझ्या जिन्यात चपला वाढल्या.

गायधनींचा भाचा मनुकांचा पुडा ठेवून गेला,
काकू, अनुभव बघा म्हणाला.
अनुभव मी बघितलाच होता.
गंगापूर धरणाचं पाणी कुठल्या पाइपात मुरतं
हे या शहरात त्या एका माणसाला पाठ आहे.
बस्तेबाई स्वतः आल्या, खाटेवर टेकल्या,
माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मत मागितलं नाही.
ते न मागणं
मला मनुकांपेक्षा जड गेलं.

शेवटी वडाळ्याचा मुख्तार आला, नळफिटिंगवाला,
बस्तेबाईंना बांधलेला.
हात धुतले तरी नखांत पांढरा सफेदा.
म्हणाला, बाई,
आमच्याकडे दोनशे माणसं उन्हात उभी राहिली
तेव्हा कुठे मी एक मत झालो.
तुम्ही बसल्या बसल्या एक आहात.

मी त्याला परत चहा ओतला.
दुसरं काही उत्तर नव्हतं माझ्याकडे.
रात्रभर वाटत राहिलं,
मला जे पटतं ते करायला मोकळं सोडलंय,
की दोनशे जणांना जे पटलं ते खोडायला?

रविवारी, शालिमारजवळच्या सभागृहात, चिठ्ठ्या वाटल्या.
हात सवयीने खिडकीकडे गेला,
कागद उजेडात धरला.
मागे, खालच्या कोपऱ्यात,
पेन्सिलीने, मुंगीएवढा,
सात.

शेजारी निरभवणे सर. त्यांची चिठ्ठी पालथी केली.
सहा.
मागच्या रांगेतल्या मुख्तारची मागून घेतली.
कोरी.
बांधलेल्यांना कशाला लागतो नंबर?

मी उभी राहिले.
ज्या आवाजात अख्खं मशीन थांबवायचे
तोच आवाज निघाला, निवृत्तीनंतर पहिल्यांदा:
हा कागद नापास.

निरीक्षक हसले. बाई, छापखान्याची चूक असेल.
म्हटलं, छापखान्याची चूक
मला सांगताय?

कुणी हसलं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.
व्यासपीठावर तीन डोकी एकत्र आली, वेगळी झाली.
मग चहावाल्याचं बिलबुक मागवलं,
नऊ पानं फाडली.
त्याच्या खरकट्या बोटाचा डाग माझ्या पानावर होता
पण तो कुणाला मोजता येणार नव्हता.

कुणाला दिलं मत?
मुख्तार जिन्यात भेटला, त्याने विचारलं नाही.
निरभवणे सरांनी विचारलं,
त्यांना मी गुडघ्याचं सांगत बसले.
एवढंच सांगते, घडी घालताना
दोनशे माणसांचं ऊन डोळ्यांसमोर होतं
आणि तो मुरलेला पाइपही.

घराशी उतरताना रिक्षावाल्याला शंभरची नोट दिली.
वचनाचं वाक्य तो वाचत नाही,
कुणीच वाचत नाही.
त्याने ती फक्त
उजेडात धरून पाहिली.